शंभर म्हणजे पंचवीस

"मेकॅनिक कुठाय?" भोकरेकाकांनी दारातूनच विचारलं.

"मी आहे की."

"तू आहेस ते दिसतंय मला. वामन कुठाय?"

आमच्या दुकानात माझं हे रोजचंच होतं. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, पुढ्यात अर्धं उघडलेलं घड्याळ, आणि तरी येणारा प्रत्येक माणूस माझ्या डोक्यावरून मागं बघायचा. खरा मेकॅनिक तिथं कॅलेंडरमागं लपून बसलाय असं त्यांना वाटायचं की काय कोण जाणे. काहींना मी सांगायची, चहाला गेलाय. काहींना सांगायची, वारला. पण भोकरेकाका म्हणजे अण्णांचे शाळेपासूनचे दोस्त, त्यांना असलं काही सांगायची सोय नव्हती.

"अण्णा जेवायला गेलेत. कॅमेरा ठेवा, मी बघते."

"बघू नकोस. नुसता ठेव."

सत्त्याऐंशी साल. मिरजेत आमचं मंगसुळीकरांचं घड्याळाचं दुकान, आणि पाटीच्या खाली मागाहून रंगवलेली एक ओळ, 'येथे कॅमेरे दुरुस्त करून मिळतील.' अण्णा घड्याळवाले. कॅमेऱ्याच्या शटरमध्येही चाकंच असतात, मग त्यात अवघड ते काय, असं म्हणून कधीतरी त्यांनी पहिला कॅमेरा उघडला होता. गावातले फोटोग्राफर त्यांच्याकडं येत, कारण दुसरा पर्याय पुण्याला होता.

भोकरेकाकांचा स्टुडिओ चार दुकानं पलीकडं. कॅमेरा जर्मन, दोन भिंगांचा. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यानं फोटो निघायचा. दर वर्षी नर्सिंगच्या पोरींचा निरोपाचा ग्रुप फोटो त्यांच्याकडं असायचा आणि त्याच्या आधी आठवडाभर ते कॅमेरा सर्व्हिसिंगला आणून द्यायचे. अण्णा दोन दिवस त्यावर वाकून बसायचे. मग कापसात गुंडाळून परत द्यायचे आणि म्हणायचे, "घे दिनकर, शटर एकदम टकाटक." काका म्हणायचे, "तुझा हात लागल्यावर दुसरं काय होणार." वीसेक वर्षं हेच दोन संवाद. नाटक कंपनीतसुद्धा मधूनमधून वाक्यं बदलतात.

त्या दिवशी अण्णा जेवून आले, ढेकर दिली, कॅमेरा हातात घेतला आणि माझ्यासमोर ठेवला.

"ह्या वर्षी कुमुद करेल."

भोकरेकाकांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांचा कॅमेरा चुलीत घालणार आहे.

"वामन, मंगळवारी ग्रुप आहे. बावीस पोरी आहेत."

"मला माहीत आहे."

"ही करणार?"

"हीच करेल. आणि तू पसंत केलंस तर खुर्ची हिची. नाहीतर सुधाकरला पत्र टाकतो."

आता ह्या खुर्चीचं सांगायला हवं. अण्णांना साठ पूर्ण होत होती आणि त्यांच्यामागं दुकानात कोण बसणार, ह्यावर आमच्या घरात वर्षभर खल चालला होता. मी नऊ वर्षं त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून काम करत होते. पण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता तो सांगलीचा सुधाकर, माझा आतेभाऊ. त्यानं टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केला होता. त्याची दुरुस्तीची पद्धत एकच, टीव्हीच्या थोबाडीत मारायची. घड्याळ त्यानं जन्मात उघडलं नव्हतं. पण तो मुलगा होता, ही पात्रता त्यानं जन्मतःच मिळवलेली होती, तिला कोर्स लागत नाही. मला सत्तावीस पूर्ण झालेली, तीन स्थळांनी "मुलगी दुकानात बसते" म्हणून नाक मुरडलेलं. खुर्ची गेली असती तर माझ्याकडं चिमटाही राहिला नसता.

त्यात आदल्या दिवशी मी जिभेनं घोळ घातला होता. मी नुकतीच पुण्याला मावशीकडं तीन महिने राहून, सामंत म्हणून एक म्हातारे कॅमेरा मेकॅनिक होते, त्यांच्याकडं शटरचं काम शिकून आले होते. जेवताना मी म्हणाले, "अण्णा, सामंतसर म्हणतात, घड्याळाला तेल लागतं, पण शटरची पाती कोरडी ठणठणीत पाहिजेत. त्यांना तेलाचा थेंब लावणारा माणूस कॅमेऱ्याचा वैरी."

अण्णांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी ताक मागितलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी कॅमेरा माझ्यापुढं आल्यावर मला वाटलं, हा राग आहे. फार शहाणी झालीस ना, मग घे, आपट तोंडावर.

मी कॅमेरा मागच्या खोलीत नेला. त्याचं मागचं दार उघडलं, तर दाराच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यात, एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. नखाएवढी. त्यावर बॉलपेननं लिहिलेलं, '१०० म्हणजे २५.'

शटर खरं किती वेगानं उघडझाप करतं हे मोजायला तेव्हा आमच्याकडं यंत्र नव्हतं, टीव्ही होता. ही सामंतसरांची युक्ती. टीव्हीचं चित्र वरून खाली रेघारेघांनी सेकंदाला पन्नास वेळा रंगतं. कॅमेऱ्याचं मागचं दार उघडायचं, भिंगातून पडद्याकडं बघायचं आणि शटर दाबायचं. कॅमेऱ्यावर शंभरचा आकडा लावला की शटर सेकंदाचा शंभरावा भागच उघडं राहायला हवं, आणि तेवढ्यात टीव्हीला अर्धाच पडदा रंगवता येतो. म्हणजे अर्धं चित्र दिसलं तर शटर खरं, सबंध दिसलं तर आळशी.

संध्याकाळी टीव्हीवर एक गृहस्थ कांद्यावरच्या करप्याविषयी बोलत होते. मी शंभर लावून शटर दाबलं. गृहस्थ सबंध दिसले, टोपीपासून टायपर्यंत. पुन्हा दाबलं. पुन्हा सबंध. शटर शंभर सांगत होतं आणि आरामात पन्नासच्या खाली मारत होतं. चिठ्ठी बरोबर होती.

मला हसूच आलं. म्हणजे अण्णांनी रोग ओळखला, कागदावर लिहिला, रोग्याच्या पोटात चिकटवला, आणि औषध काही दिलं नाही.

भिंगाची कडी फिरवून शटर उघडलं, तर आत औषधच औषध होतं. पाच पाती, नखाच्या पापुद्र्याएवढी पातळ, आणि ती सगळी तेलात. दर वर्षीचा एकेक थेंब सुकून त्याचा चिकटा झालेला. घड्याळवाल्याचा हात तो, झाकण लावण्याआधी थेंब सोडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मी पाती सुटी केली, पांढऱ्या पेट्रोलमध्ये घातली, पेट्रोल काळं झालं, बदललं, पुन्हा घातली. चार वेळा. मऊ ब्रशनं पुसली, वाळवली, बसवली. तिसऱ्या दिवशी शटर दाबलं तेव्हा आधीच्या 'फळक्' आवाजाच्या जागी 'टिच्' असा आवाज आला, आणि माझ्या अंगावर काटा आला.

कांदेवाल्यांचा वार पुन्हा यायची वाट बघावी लागली नाही, त्या दिवशी दुसरे गृहस्थ शेळीपालनावर बोलत होते. पहिल्यांदा दाबलं तर फक्त कपाळ नि चष्मा. दुसऱ्यांदा फक्त मिशी नि टाय. अर्धा माणूस बघून इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. अण्णा मागं उभे होते. त्यांनी कॅमेरा मागून घेतला, स्वतः दोनदा दाबून बघितलं आणि परत दिला. शाबास म्हणायला आमच्या घराण्यात पूर्वीपासून बंदी आहे.

शेवटी मी कॅमेरा आतून पुसला, ती चिठ्ठी खरवडून काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

सोमवारी भोकरेकाका आले. मी कॅमेरा काउंटरवर ठेवला. "काका, एक सांगायचंय. आता हे शटर..."

"कुमे," अण्णा मध्येच म्हणाले, "समोर दोन चहा सांग."

"सांगते. काका, शंभरचा आकडा..."

"आधी चहा सांग."

मी चहा सांगून येईपर्यंत कापूस गुंडाळून झाला होता. "घे दिनकर, शटर एकदम टकाटक." "तुझ्या लेकीचा हात लागल्यावर दुसरं काय होणार." कंपनीनं पहिल्यांदा वाक्य बदललं होतं, मी खूश झाले.

बुधवारी भर दुपारी, अण्णा जेवायला गेलेले असताना, भोकरेकाका ओली फिल्म हातात धरून दुकानात शिरले. रस्त्यानं काय काय बोलत आले असतील ते असतील, शेजारचा शिंपी मशीन थांबवून दारात आला होता.

"बघ," काकांनी फिल्म काचेवर धरली. "तुझी करामत बघ."

मी बघितलं. निगेटिव्हवर बावीस गणवेश ठळक उमटले होते आणि चेहऱ्यांच्या जागी नुसती काच. फोटो छापला असता तर पांढरेशुभ्र गणवेश आणि वर बावीस काळी भोकं.

"कितीनं काढला?"

"शंभरनं. नेहमीसारखा."

"मग तो शंभरनंच निघालाय."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचं शटर आता शंभर म्हटलं की शंभर मारतं. आधी पंचवीस मारायचं. तुम्हाला जेवढा उजेड मिळायचा त्याचा चौथा हिस्सा मिळाला."

काका गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले.

"आधी पंचवीस मारायचं, हे तू मला सांगतेस? अगं, ती चिठ्ठी मी चिकटवलीय."

"तुम्ही?"

"सात वर्षं झाली. खरं पंचवीसवर ठेवलं तर शटर उघडलं की झोपूनच जायचं. शंभरवर ठेवलं की पंचवीस मारायचं. मग मी हात तसाच बसवला. चिठ्ठी नाही हे फिल्म भरताना बघितलं मी. म्हटलं, पोरीनं साफसफाई केली, करू दे, आकडा आपल्याला पाठ आहे."

"पण अण्णा टकाटक म्हणाले होते की."

"वीस वर्षं टकाटकच म्हणतोय तो. मी कधी विश्वास ठेवला नाही. ह्या वेळी ठेवायला पाहिजे होता."

मला हसावं की रडावं ते कळेना. "मग त्यांना कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलू? वामन, दर वर्षी तू माझा कॅमेरा बिघडवतोस, असं? दोन दिवस मान मोडून बसतो तो. माझ्याकडून मजुरी घेत नाही. वर कापसात गुंडाळून देतो, लेक सासरी पाठवल्यासारखा." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "हे बघ कुमे, त्याला यातलं काही कळता कामा नये."

"आणि फोटो कशानं बिघडला म्हणून सांगायचं?"

काका भिंतीवरची घड्याळं बघायला लागले.

"तू नवी आहेस. नव्या माणसाचं चुकतं."

"वा. म्हणजे बिघडवणारा टकाटक आणि नीट करणारी गुन्हेगार."

"खुर्चीचं मला ठाऊक आहे गं. पण त्याला हे समजलं ना, तर तो परत चिमटा हातात धरायचा नाही. मी ओळखतो त्याला."

मीही ओळखत होते, तीच तर पंचाईत होती. एकदा एका गिऱ्हाइकानं "तुमचं घड्याळ मागं पडतं" म्हटलं तर अण्णा तीन दिवस जेवले नव्हते.

"पोरी कधी जाणार?" मी विचारलं.

"उद्या सकाळच्या गाड्यांनी. कुणी कोचीनला, कुणी गुलबर्ग्याला. पुन्हा कधी एकत्र यायच्या नाहीत त्या."

"मग आज साडेचारला काढू. चला, मी येते."

मी दुकानाला कुलूप घातलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा, न विचारता.

वसतिगृहात पोरींच्या ट्रंका बांधून झाल्या होत्या. पुन्हा गणवेश घाला म्हटल्यावर बाविसांच्या कपाळाला आठ्या.

"काल काढला ना फोटो?" एक उंच मुलगी म्हणाली.

"तुम्ही हललात," भोकरेकाका म्हणाले.

"बावीसजणी? एकदम?"

"हो."

तिनं त्यांच्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती नजर घेऊन ती कुठल्याही वॉर्डात उत्तम नर्स झाली असणार. काकांनी तिकाटण्यावर कॅमेरा चढवला आणि त्यांचा हात सवयीनं शंभरवर गेला.

"काका, पंचवीस."

"माहीत आहे." हात मागं आला, पुन्हा गेला. "जात नाही गं हात."

"सरका." मी आकडा पंचवीसवर आणला आणि कडीवर बोट ठेवून उभी राहिले. "आता दाबा. आणि कुणी हलू नका, काका परत तुमच्यावरच ढकलतील."

पोरी हसल्या. त्याच हसण्यावर काकांनी दाबलं. तीन फिल्मा काढल्या, स्टुडिओत जाऊन पहिली लगेच धुतली. चेहरे होते. सगळे बावीस, दातांसकट. काका अंधाऱ्या खोलीतून बाहेर आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, फिल्म धुवायच्या फिक्सरचा वास असलेला.

दुकानात आलो तर अण्णा काउंटरमागं बसले होते. शिंप्यानं वर्दी दिलेलीच होती, तो कापड एकदा चुकीचं कापेल पण बातमी पोचवायला चुकायचा नाही.

"फोटो बिघडला म्हणे."

"परत काढला," काका म्हणाले. "झकास आलाय."

"बिघडला कशानं?"

भोकरेकाका पुन्हा घड्याळं बघायला लागले. आमच्या दुकानात बघायला घड्याळं भरपूर, ही एक सोय. माझ्या तोंडात सगळं तयार होतं. तेल, चिकटा, चार वेळा बदललेलं पेट्रोल. दोन वाक्यांत खुर्ची माझी झाली असती. मी अण्णांच्या हाताकडं बघितलं. ते चिमटा पुसत होते, आधीच स्वच्छ असलेला.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "पाती बसवताना."

"काय चुकलं?"

"उलटी बसली एक."

"उलटं पातं बसलं तर शटर उघडतच नाही." अण्णांनी चिमटा ठेवला. "खोटं बोलायचं तर धंद्यातलं तरी धड बोल."

त्यांनी खण उघडला, एक कागदाचा कपटा काढला आणि काचेवर ठेवला. चिठ्ठी. मी कचऱ्यात टाकलेली.

"दिनकर, हे अक्षर तुझं."

काकांनी कपटा हातात घेतला.

"सात वर्षं वाचतोय. दर वर्षी दार उघडतो, ही वाचतो, दोन दिवस डोकं आपटतो की कशानं मंद होतंय, काही समजत नाही, मग एक थेंब तेल सोडतो आणि बंद करतो. पोरगी पुण्याहून आली, भाकरी मोडता मोडता म्हणाली, तेल लावणारा वैरी. तेव्हा समजलं."

"म्हणून माझा कॅमेरा हिला दिलास?"

"एकदा तरी तो खरंच नीट व्हायला हवा होता."

"अरे, मग मला बोलायचंस की, ह्या वेळी खरंच नीट झालाय म्हणून."

"कसं बोलू? ह्या वेळी खरंच झालाय म्हटलं असतं, तर मागची वीस वर्षं काय होतं, हे तू विचारलं असतंस."

"मी विचारणार? सात वर्षं विचारलं नाही ते आता विचारणार?"

मला दोघांचा इतका राग आला आणि इतकी मायाही आली की दोन्ही एकदमच तोंडातून बाहेर पडलं.

"भीड ही भिकेची बहीण म्हणतात. तुम्हा दोघांच्या भिडेपायी बावीस पोरींची तोंडं काळी झाली. आणि चहा सांग म्हणून मला पिटाळलंत, ते ह्यासाठी?"

"हो," अण्णा म्हणाले.

मग ते उठले. काउंटरची फळी वर केली, बाहेर आले आणि भोकरेकाकांशेजारी गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. त्या बाकावर मी त्यांना आधी कधी बसलेलं बघितलं नव्हतं.

"बस तिथं," मोकळ्या खुर्चीकडं हात करून ते म्हणाले. "आणि गिऱ्हाइकाला खरं काय ते सांगत जा. मला नाही जमलं."

मी बसले. खुर्ची एका पायानं डुगडुगत होती, नऊ वर्षं शेजारी बसून मला हे ठाऊक नव्हतं. सुधाकरला पत्र गेलं की तू आपला सांगलीतच टीव्हीच्या थोबाडीत मारत राहा. अण्णांनी शब्द थोडे बरे वापरले असतील. भोकरेकाकांचं एक मात्र खरं निघालं नाही, अण्णांनी चिमटा सोडला नाही. घड्याळं करत राहिले, अखेरपर्यंत. कॅमेरा आला की मात्र दारातूनच सांगायचे, "मेकॅनिक आत बसलीय."

पुढच्या वर्षी भोकरेकाका पुन्हा कॅमेरा घेऊन आले.

"काय झालंय?" मी विचारलं.

"काही नाही. सर्व्हिसिंग."

"शटर ठणठणीत आहे, काका. उघडायचं कारण नाही."

"तरी एकदा आतून बघ."

मी मागचं दार उघडलं. आतल्या बाजूला, जुन्याच जागी, नवी चिठ्ठी होती. भोकरेकाकांच्या अक्षरात, '१०० म्हणजे १००.' आणि त्याखाली घड्याळवाल्याच्या बारीक, नेटक्या अक्षरात आणखी एक ओळ.

'तेल लावू नये.'

मी दार तसंच बंद केलं आणि कॅमेरा कापसात गुंडाळायला घेतला.